कॉबलर : एक शब्द, एक पदार्थ आणि मंद आच

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

गेल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला एक अमेरिकन कथा चालू होती. कथेतली आजी बऱ्याच दिवसांनी घरी आलेल्या नातवासमोर 'पीच कॉबलर' ठेवते, असे एक वाक्य त्यात आले. सरांनी पुस्तक मिटून वर्गाला विचारले, "कॉबलर म्हणजे काय?"

हा शब्द मला ठाऊक होता. आठवीत 'माझे वडील' या विषयावर इंग्रजी निबंध लिहायचा होता, तेव्हा तो शब्दकोशातून शोधून मी पाठ केला होता. वर्गात मी सहसा उठत नाही. त्या दिवशी उठले आणि म्हणाले, "सर, कॉबलर म्हणजे मोची."

वर्ग हसला. उत्तर त्या वाक्यात बसत नव्हते, हे हसण्याचे एक कारण. दुसरे कारण असे की, माझे वडील एस.टी. स्टँडाबाहेर पेटी घेऊन बसतात, हे वर्गातल्या पुष्कळांना माहीत आहे. हसणाऱ्यांपैकी काहींच्या चपलांना त्यांच्याच हातचे टाके आहेत. सरांनी वर्ग शांत केला आणि म्हणाले, "अर्थ बरोबर आहे. पण इथे तो खायचा पदार्थ आहे. कसा करतात, ते मलाही सांगता येणार नाही. तू शोधून काढ आणि आम्हाला सांग."

सरांनी ही गोष्ट कदाचित वेळ निभावून नेण्यासाठी म्हटली असेल. मी मात्र ती मनावर घेतली. ग्रंथालयात जे सापडले, घरी जे करून पाहिले आणि त्यातून जे समजले, ते या लेखात मांडले आहे.

शब्दाचा शोध

इंग्रजीत 'कॉबलर' या शब्दाचे मुख्यतः तीन अर्थ आहेत. पहिला, जोडे दुरुस्त करणारा. येथे एक बारीक भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे. नवे जोडे तयार करणाऱ्याला जुन्या इंग्रजीत 'कॉर्डवेनर' असा वेगळा शब्द होता. 'कॉबलर' हा जुने, फाटलेले जोडे सांधून देणारा. दुसरा अर्थ एका पेयाचा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत शेरी नावाचे मद्य, साखर, फळांच्या चकत्या आणि बर्फ घालून 'शेरी कॉबलर' करीत असत. तिसरा अर्थ आपल्या लेखाचा विषय : खोल भांड्यात फळांच्या फोडी घालून, त्यांवर पिठाचा जाड थर देऊन शिजवलेला गोड पदार्थ.

पदार्थाला हे नाव कशावरून पडले, याविषयी शब्दकोशकारांनी निश्चित निर्णय दिलेला नाही. पिठाचे गोळे फळांवर जवळजवळ ठेवले की वरून दगडी फरसबंदीसारखे दिसतात. अशा फरसबंदीच्या गोट्यांना इंग्रजीत 'कॉबल' म्हणतात, त्यावरून हे नाव आले असावे, असे एक मत आहे. लाकडी वाडग्याच्या एका जुन्या नावाशीही काहीजण त्याचा संबंध जोडतात. याखेरीज 'टु कॉबल' असे एक क्रियापद इंग्रजीत आहे. त्याचा अर्थ हाताशी असलेल्या तुकड्यांची घाईने जोडाजोड करणे, ठिगळ लावणे. पदार्थ कसा तयार झाला हे पाहिल्यावर हा अर्थही त्याला शोभतो, एवढे म्हणता येईल.

पदार्थ कोठून आला

इंग्लंडमधून जे लोक अमेरिकेत वस्तीला गेले, ते आपल्याबरोबर 'पाय' आणि 'पुडिंग' करण्याचे ज्ञान घेऊन गेले. 'पाय' म्हणजे मैद्याच्या पातळ पोळीच्या आवरणात फळे किंवा मांस भरून भट्टीत भाजलेला पदार्थ. त्यासाठी चांगले पीठ हवे, भरपूर चरबी किंवा लोणी हवे, लाटायला जागा हवी आणि मुख्य म्हणजे भट्टी हवी. नव्या वस्तीवर, विशेषतः पश्चिमेकडे गाड्या हाकीत निघालेल्या कुटुंबांजवळ, यांतले पुष्कळसे नसे. जवळ असे ते बिडाचे एक जड, झाकणाचे भांडे. मग बायकांनी फळे भांड्यात घातली, पीठ जाडसर कालवून वर थापले आणि भांडे निखाऱ्यांवर ठेवले. आकार सुबक आला नाही, तरी पोट भरले.

इ.स. १८३९ साली लेटिस ब्रायन या बाईंचे 'द केंटकी हाउसवाइफ' हे पाककृतींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. भांड्यात केलेल्या पीचच्या पायला लोक 'कॉबलर' असेही म्हणतात, असा उल्लेख त्यात आहे. छापील पाककृतींमधील हा या नावाच्या सुरुवातीच्या उल्लेखांपैकी एक होय. पुस्तकात आला, त्याअर्थी तो त्याआधीही घरोघर होत असला पाहिजे.

पीच हे फळ मुळात अमेरिकेचे नाही. ते चीनमधले. इराणमार्गे ते युरोपात पोहोचले, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावात 'पर्सिका' हा शब्द आला. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात ते अमेरिकेत नेले आणि तेथील मूळ रहिवाशांनी त्याची लागवड दूरवर पसरवली. हिंदीत याला आडू म्हणतात. आपल्या ओळखीच्या जर्दाळूचा आणि बदामाचा तो जवळचा नातेवाईक आहे. दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यात सॅम्युअल रम्फ या बागाईतदाराने १८७०च्या दशकात 'एल्बर्टा' नावाची जात तयार केली. दूरच्या बाजारपेठेपर्यंत टिकणारे हे फळ असल्याने त्या राज्यात पीचच्या बागा वाढल्या. १९२४ मध्ये तर तेथील एका जिल्ह्याला 'पीच काउंटी' हेच नाव मिळाले.

याच दक्षिणेकडील राज्यांत १८६५ पर्यंत गुलामगिरी होती. मोठ्या मळ्यांच्या स्वयंपाकघरांत राबणारे हात बहुधा कृष्णवर्णीय गुलाम स्त्रियांचे असत. दुसऱ्यांच्या पंगतीसाठी शिजवता शिजवता त्यांनी या पदार्थाला आपली चव दिली आणि मुक्तीनंतर तो आपल्या घरी, रविवारच्या जेवणात आणि नातलगांच्या मेळाव्यांत नेला. आज अमेरिकेतील कृष्णवर्णीय कुटुंबांच्या जेवणात पीच कॉबलरला मानाचे स्थान आहे. हे वाचताना मला महात्मा फुले यांच्या 'गुलामगिरी'ची आठवण झाली. १८७३ सालचे ते पुस्तक जोतीरावांनी अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केले आहे. पुण्यात बसून त्यांना तिकडच्या माणसांचे दुःख आपले वाटले. पाककृतीच्या पुस्तकातून त्याच माणसांपर्यंत जाता येईल, हे मला आधी ठाऊक नव्हते.

भट्टी नसलेल्यांची भावंडे

कॉबलरला पुष्कळ भावंडे आहेत. फळांवर पीठ, साखर आणि लोणी चुरून टाकले आणि भाजले, तर त्याला 'क्रंबल' म्हणतात. त्यात ओट घातले, तर बहुधा 'क्रिस्प'. ब्रेडचा चुरा आणि सफरचंदाचे थर दिले, तर 'ब्राउन बेटी'. ईशान्य अमेरिकेत, न्यू इंग्लंड भागात, 'ग्रंट' आणि 'स्लंप' असे दोन प्रकार आहेत. त्यांना भट्टी लागतच नाही. फळांचा रस चुलीवर उकळतो, त्यात पिठाचे गोळे सोडतात, वर झाकण घालतात आणि गोळे वाफेवर शिजतात. शिजताना होणाऱ्या गुरगुर आवाजावरून 'ग्रंट' हे नाव पडले, असे सांगतात. आणि ताटलीत वाढल्यावर बसका होतो, म्हणून 'स्लंप'. 'लिटल विमेन' (१८६८) या कादंबरीची लेखिका लुइझा मे ऑल्कॉट हिने आपल्या घराचे नाव थट्टेने 'ॲपल स्लंप' असे ठेवले होते.

आपल्या कोकणातही भट्टी नव्हती. म्हणून तवसळी करताना टोपात मोठ्या काकडीचा कीस, तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरे यांचे मिश्रण घालतात आणि झाकणावर निखारे ठेवतात. खालून आच, वरून आच. काही घरांत यालाच धोंडस म्हणतात. अमेरिकेतील वस्तीकर बिडाच्या भांड्याच्या झाकणावर निखारे ठेवीत, ती रीत हीच. दोन्ही ठिकाणच्या बायकांनी एकमेकींना कधी पाहिले नाही. परंतु अडचण सारखी असली की उपायही सारखा सुचतो.

स्लो कुकर

निखाऱ्यांच्या जागी वीज आली, तेव्हा मंद आचेचे एक नवे भांडे जन्माला आले. त्याचे नाव स्लो कुकर. त्याचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे.

ज्यू धर्मात शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत, विस्तव पेटवायचा नाही व स्वयंपाक करायचा नाही असा नियम आहे. म्हणून पूर्व युरोपातील ज्यू बायका शुक्रवारी घेवड्याचे दाणे, मांस, बटाटे आणि जव एका भांड्यात भरून ते गावातल्या पाववाल्याच्या भट्टीत नेऊन ठेवीत. भट्टी रात्रभर हळूहळू निवत जाई आणि तेवढ्या उष्णतेवर शनिवारी दुपारचे जेवण तयार होई. या पदार्थाचे नाव 'चोलंट'. लिथुआनियातील आपल्या माहेरची ही हकीकत एका आईने अमेरिकेत वाढलेल्या आपल्या मुलाला सांगितली. तो मुलगा अर्व्हिंग नॅक्सन. तो संशोधक होता. त्याने भांड्याभोवती विजेची तार गुंडाळलेला कुकर तयार केला, १९३६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९४० मध्ये त्याला पेटंट मिळाले. पुढे १९७० मध्ये 'रायव्हल' या कंपनीने त्याचा व्यवसाय विकत घेतला आणि १९७१ मध्ये हेच भांडे 'क्रॉक-पॉट' या नावाने बाजारात आणले. त्या सुमारास अमेरिकेत नोकरीसाठी घराबाहेर पडणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढत होती. सकाळी सर्व जिन्नस भांड्यात घालावे, कामावर जावे आणि संध्याकाळी आल्यावर जेवण तयार असावे, ही सोय त्यांना पटली.

या कुकरची रचना साधी आहे. आत चिनी मातीचे जाड भांडे, त्याला वेढणारे धातूचे आवरण, आवरणात विजेची तार आणि वर काचेचे झाकण. तार मुख्यतः भांड्याच्या कडेने असते, त्यामुळे तळ सहसा करपत नाही. 'लो' आणि 'हाय' अशी दोन बटणे असतात. 'लो'वर अन्न कमी तापते आणि 'हाय'वर जास्त, असे वाटते. वस्तुतः पुरेसा वेळ दिला तर दोन्हीकडे अन्न उकळबिंदूच्या जरा खालीच जाऊन थांबते. फरक पडतो तो तेथवर पोहोचायला लागणाऱ्या वेळात.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. भट्टीत कॉबलर सुमारे १८० अंश सेल्सियसवर भाजतात. पीठ तांबूस होऊन खरपूस वास यायचा, तर त्याचा पृष्ठभाग १४० अंशांच्या आसपास तरी तापावा लागतो. स्लो कुकरमध्ये उष्णता शंभर अंशांच्या पुढे जात नाही. म्हणून त्यातल्या कॉबलरचा वरचा थर फिकट राहतो आणि केकपेक्षा वाफवलेल्या पुडिंगसारखा लागतो. म्हणजे नाव कॉबलरचे असले, तरी त्याचे खरे नाते ग्रंट आणि स्लंप यांच्याशी आहे. हे समजून केले म्हणजे निराशा होत नाही.

कृती

पुढील प्रमाण सुमारे पावणेचार लिटरच्या कुकरसाठी आहे. सहा-सात माणसांना पुरते. अमेरिकन पुस्तकांतला 'कप' सुमारे २४० मिलिलिटरचा असतो, हे ध्यानात ठेवावे; घरातल्या चहाच्या कपाने मोजले तर सगळे बिघडते.

फळांसाठी : पीचच्या, अगर इतर घट्ट फळाच्या, फोडी १ किलो, साखर १०० ग्रॅम (फळ फार गोड असल्यास निम्मी), कॉर्नफ्लोअर २ मोठे चमचे, लिंबाचा रस १ मोठा चमचा, दालचिनीची पूड अर्धा लहान चमचा.

वरच्या थरासाठी : मैदा १ कप (सुमारे १२५ ग्रॅम), साखर अर्धा कप, बेकिंग पावडर दीड लहान चमचा, मीठ पाव लहान चमचा, दूध अर्धा कप, वितळवलेले लोणी ६० ग्रॅम.

प्रथम भांड्याला आतून लोणी फासावे. फोडींना साखर, कॉर्नफ्लोअर, लिंबाचा रस आणि दालचिनी चोळून त्या तळाशी पसराव्यात. पाणी अजिबात घालू नये. झाकणामुळे वाफ बाहेर जात नाही, आणि फळांना स्वतःचेच पुष्कळ पाणी सुटते. कॉर्नफ्लोअर आहे ते हेच पाणी दाट करण्यासाठी.

दुसऱ्या भांड्यात मैदा, साखर, बेकिंग पावडर आणि मीठ कोरडेच एकत्र करावे. दूध व लोणी त्यात ओतून, पीठ दिसेनासे होईपर्यंतच ढवळावे. फार घोटले तर थर चिवट होतो. बेकिंग पावडरीत आम्ल आणि सोडा एकत्र असतात. ओल लागताच त्यांतून वायू सुटू लागतो आणि उष्णता मिळाली की आणखी सुटतो. म्हणून पीठ कालवून ठेवून देऊ नये. लगेच चमच्याचमच्याने फळांवर सोडावे. ते सारखे पसरण्याचा अट्टाहास नको. मध्ये फटी राहिल्या तर वाफ वर यायला वाट मिळते.

आता एक स्वच्छ, कोरडे सुती फडके भांड्याच्या तोंडावर ताणून घालावे आणि त्यावर झाकण ठेवावे. फडक्याची टोके वर घेऊन झाकणावर बांधावीत. तापलेल्या आवरणावर ती लोंबता कामा नयेत. 'हाय'वर दोन ते अडीच तास ठेवावे. मधल्या थरात सुई खुपसून ती कोरडी बाहेर आली म्हणजे झाले. बटण बंद करून फडके काढावे आणि पंधरा-वीस मिनिटे उघडे ठेवावे. तेवढ्यात रस दाट होतो.

दोन सूचना. तापलेल्या मातीच्या भांड्यात एकदम गार पाणी घालू नये, तडा जातो. दुसरी सूचना कॉबलरविषयी नाही, पण हा कुकर ज्यांच्या घरी येईल त्यांना सांगितलीच पाहिजे. कच्चा राजमा भिजवून थेट स्लो कुकरमध्ये कधीही शिजवू नये. त्यात एक विषारी द्रव्य असते आणि ते मंद आचेवर नाहीसे होत नाही. राजमा आधी पाच तास तरी भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटे खळखळून उकळावा; मगच मंद आचेवर ठेवावा.

कुकर नसेल त्यांनी जाड बुडाच्या टोपात फळे रसदार होईपर्यंत उकळावीत. वरचे पीठ दूध थोडे कमी घालून घट्ट भिजवावे, त्याचे चमच्याने गोळे सोडावेत आणि झाकण घालून वीस मिनिटे मंद आचेवर ठेवावे. हाच तो ग्रंट. तोही तितकाच गोड लागतो.

आमचे तीन प्रयोग

माझी आत्या मुंबईला एका घरी कामाला आहे. त्या घरातल्या मुलीने अमेरिकेहून हा कुकर आणला होता. पण तो १२० व्होल्टचा असल्याने तसाच पडून होता. 'तुझ्या भाचीला दे, पुस्तकातलं काहीतरी शोधतेय ना ती,' म्हणून त्या बाईंनी तो आत्याला दिला. मे महिन्यात आत्या तो गावी घेऊन आली.

मी तो सरळ प्लगला लावणार होते. बाबांच्या बैठकीशेजारी मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. तेथल्या काकांनी वेळीच थांबवले. त्यांनी हिशेब करून दाखवला. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट. व्होल्टेज दुप्पट झाले की तारेतली उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. २१० वॅटचा कुकर साडेसातशे वॅटच्या वर खेचू लागला असता आणि तार जळाली असती. काकांनी दुकानातला व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर आठवडाभर वापरायला दिला. पैसे घेतले नाहीत. बाबांनी त्यांच्या मुलाचे दप्तर शिवून दिले.

पीच आमच्या बाजारात नव्हते. पण मे महिन्यात आमच्याकडे डागी हापूस स्वस्त मिळतो. पेटीत भरता येत नाही, म्हणून बाजूला काढलेला आंबा. डाग कापून टाकला की उरलेला उत्तमच असतो. जरा घट्ट आंबे निवडले आणि साखर निम्मी घातली.

पहिला प्रयोग फसला, त्याचे कारण आमची आई. ती काजूच्या कारखान्यात जाते. त्या दिवशी सुट्टी होती. अर्ध्या आयुष्यात तिने झाकण न उघडता काही शिजवलेले नाही. "बघितल्याशिवाय कळणार कसं?" असे म्हणून तिने चार वेळा झाकण उचलले. एकदा झाकण उघडले की साठलेली वाफ निघून जाते आणि ती पुन्हा साठायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. अडीच तासांनी मधले पीठ कच्चेच होते.

दुसऱ्या खेपेला झाकण कोणी उघडले नाही, पण फडके घालायचे मी विसरले. झाकणाला जमलेले पाणी थेंब थेंब पिठावर पडले आणि वरचा थर चिकट झाला. धाकट्या भावाने तोही संपवला.

तिसऱ्या खेपेला आई कामावर गेली होती. मी फडके बांधले, बटण 'हाय'वर केले आणि शेजारच्या खोलीत इतिहासाचे पुस्तक घेऊन बसले. अडीच तास मला कोणी हाक मारली नाही. चुलीवर काही असले की पानभर वाचायचे आणि उठायचे, ही माझी सवय. त्या दिवशी एक पूर्ण प्रकरण सलग वाचून झाले. विजेचा हिशेबही केला. २१० वॅट आणि अडीच तास म्हणजे साधारण अर्धे युनिट. संध्याकाळी आई आली, तेव्हा घरात आंब्याचा आणि दालचिनीचा वास भरला होता. तिने झाकणाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "उघडू आता?"

समारोप

रात्री बाबा आले. वाटीत वाढून दिले. त्यांनी नाव विचारले. मी सांगितले, "कॉबलर." त्यांना हा शब्द माझ्या आठवीतल्या निबंधापासून ठाऊक होता. ते म्हणाले, "ते तर माझं नाव." मग मी त्यांना सगळे सांगितले : वर्गातले हसणे, ती अमेरिकन आजी, भट्टी नसलेल्या बायका, निखाऱ्यावरचे भांडे. त्यांनी सावकाश खाल्ले आणि म्हणाले, "डाग कापून टाकला, चांगला भाग ठेवला, होतं त्यावर भागवलं. मग नाव बरोबरच आहे की."

शब्दकोशकारांना जो संबंध निश्चित सांगता आला नाही, तो बाबांनी आरी-रापीच्या अनुभवावरून सांगितला. त्याला शास्त्रीय आधार नाही, हे मला मान्य आहे. परंतु या पदार्थाचा इतिहास पाहिला तर तो आरंभापासून सर्व साधने असलेल्यांचा नव्हता. ज्यांच्याकडे भट्टी नव्हती, ज्यांना स्वतःच्या चुलीपाशी बसायला वेळ नव्हता, ज्यांनी दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढले, त्यांनी तो सांभाळला. त्याची कृती अवघड नाही. फळ चांगले घ्यावे, पाणी घालू नये, पीठ फार घोटू नये, फडके बांधावे आणि झाकण उघडू नये. एवढे पाळले की बाकीचे काम आच करते.

सरांनी सांगितलेले काम पूर्ण झाले आहे. पुन्हा एखाद्या वर्गात हा शब्द आला आणि कोणी विचारले, तर मी दोन्ही अर्थ सांगेन. आणि पहिला अर्थ 'मोची' हाच सांगेन. कारण तो अर्थ जुना आहे, बरोबर आहे, आणि त्यात हसण्यासारखे काही नाही.